सेवाग्रामचे सांजजेवण

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात रात्रीचे जेवण नव्हतेच. होते ते सांजेचे. दिवस मावळण्यापूर्वी पंगत उठे, पुढे सायंप्रार्थना आणि मग लवकरच निजानीज. लवकर जेवल्याने छातीतली जळजळ कमी होते खरी, पण हा नियम काही तिच्यावरचा उपाय म्हणून आलेला नव्हता. 1915 साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात गांधीजींनी दिवसाला पाचांहून अधिक पदार्थ न खाण्याचे आणि अंधार पडल्यावर न जेवण्याचे व्रत घेतले. 30 एप्रिल 1936 रोजी ते शेगावी आले, तेव्हा व्रतही सोबत आले. शेगावचे सेवाग्राम झाले ते त्यानंतर, 1940 मध्ये. जैन घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची रीत या व्रताहून कितीतरी जुनी आहे.

आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद, म्हणजे चवीसाठी न खाणे, हेही होते. ताटात उकडलेल्या भाज्या, मसाल्याला जवळपास फाटा. तर्रीवर जीव टाकणाऱ्या विदर्भात हे जेवण अळणीच वाटणार!

आता ती जळजळ. जठरातले आम्ल अन्ननलिकेत चढते आणि तिला सूज येते, हे अमेरिकी डॉक्टर आशर विंकेलस्टाइन यांनी 1935 मध्ये मांडले. ‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात मात्र आम्लपित्ताचे ऊर्ध्वग (वर चढणारे) आणि अधोग (खाली जाणारे) असे भेद शतकानुशतके आधीच आले होते. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंची झडप असते. ती सैल पडली आणि भरल्या पोटी माणूस आडवा झाला, की आम्ल वर येते. आंबट ढेकर, घशाशी जळजळ, खोकल्याने झोपमोड. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास गेले, की जठर बरेचसे रिकामे होते. आश्रमात हे अंतर आपोआप सांभाळले जाई. व्रतामागे श्रद्धा होती, तरी आरामाचे श्रेय या अंतरालाच द्यावे लागेल.

गांधीजींचे सहकारी, पवनारचे विनोबा भावे यांना अल्सरचा जुना त्रास होता. दही थोडे थोडे, अनेक वेळा घेणे हा त्यांचा आहार. अल्सर हा वेगळा आजार, पण एका वेळी पोट तुडुंब न भरणे जळजळीतही उपयोगी पडते.

शेतातून अंधारात परतणाऱ्याला पाच वाजता जेवा म्हणणे व्यर्थ आहे. त्याने रात्री हलके खावे, पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करावी, डाव्या कुशीवर निजावे. तंबाखू आणि दारू टाळावी. गिळताना घास अडकत असेल, वजन घटत असेल किंवा शौचाला काळी होत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.