लघुगुरूंचा हिशेब

वृत्ते शिकविताना आम्ही मुलांकडून ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठ करून घेतो. पण गण आठच का, असे क्वचितच कोणी विचारते. प्रत्येक स्थानी लघू किंवा गुरू असे दोनच पर्याय, म्हणून तीन अक्षरांचे आठ प्रकार होतात.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास पिंगलाने छंदःशास्त्रात असे सर्व प्रकार ठरावीक क्रमाने मांडण्याची रीत दिली. या मांडणीस प्रस्तार म्हणतात. त्यातील एखादी ओळ पुसली गेल्यास केवळ क्रमांकावरून ती पुन्हा लिहिण्याची कृती म्हणजे ‘नष्ट’. क्रमांक सम असेल तर लघू लिहून अर्ध करावे. विषम असेल तर गुरू लिहून, एक मिळवून अर्ध करावे. सातवी ओळ घेऊ. सात विषम, म्हणून गुरू. आठाचे अर्ध चार. चार सम, म्हणून लघू, राहिले दोन. पुन्हा लघू. गुरू, लघू, लघू, हा भ-गण झाला.

या सूत्रांवर ‘मृतसंजीवनी’ टीका लिहिणारा हलायुध आपल्या भागास परका नव्हे. हुलसूरच्या दक्षिणेस, कागिणा नदीच्या काठी मळखेड आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. तिसऱ्या कृष्णाच्या (९३९–९६७) आश्रयास हलायुध तेथे होता व पुढे माळव्यात मुंजाकडे गेला, असे मानतात. मान्यखेट ९७२ मध्ये लुटले ते परमार सीयकाने, आणि मुंज त्याचाच वारस! विद्येला आश्रय कोठे शोधावा लागेल, सांगता येत नाही.

आता आजच्या संगणकाकडे वळू. एसक्यूएल भाषेतील आज्ञा पाळणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘बिन’ नावाची क्रिया आहे. तिला सहा ही संख्या दिली की ती ‘११०’ अशी अक्षरमाळ देते. गुरूस शून्य व लघूस एक मानून आपला भ-गण उलट वाचावा. तेच ११० येते. ओळ सातवी आणि संख्या सहा, कारण पिंगल एकापासून मोजतो, हा हिशेब शून्यापासून चालतो.

एवढ्यावरून पिंगलाने संगणक शोधला असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. त्याने पद्याचे प्रकार मोजले. शून्य व एक या दोनच अंकांचे अंकगणित लाइब्निट्झने १७०३ च्या निबंधात मांडले. मात्र एका बाबतीत पिंगलाची कृती अधिक काटेकोर आहे. दुसऱ्या ओळीचा य-गण म्हणजे लघू, गुरू, गुरू. ‘बिन’ मात्र एक या संख्येचे नुसते ‘१’ देते; डावीकडची दोन शून्ये, म्हणजे दोन्ही गुरू, गळून पडतात. अशा असमान माळा अक्षरक्रमाने लावल्या तर चाराची ‘१००’ ही तिनाच्या ‘११’च्या आधी येऊन बसते. मग ‘एलपॅड’ ही दुसरी क्रिया वापरून डावीकडे शून्ये भरावी लागतात. पिंगलाकडे अक्षरसंख्या आधीच ठरलेली असते. एक उरला की तो विषम, म्हणून गुरू. त्यात एक मिळवून अर्ध केले की पुन्हा एकच. अक्षरे पुरी होईपर्यंत गुरू आपोआप येत राहतात.