स्पार्टाचे वकील आणि अथेन्सची सभा

इ. स. पूर्व ४२५ साली, पेलोपोनेशियन युद्धाचे सातवे वर्ष चालू असता, पायलॉससमोरील स्फॅक्टीरिया बेटावर स्पार्टाचे ४२० शिपाई अथेन्सच्या आरमाराने कोंडले, आणि शरणागतीची ज्यास सवय नव्हती त्या राष्ट्रास तहासाठी वकील रवाना करणे भाग पडले. बोलणी चालू असेपर्यंतच्या युद्धतहकुबीची कलमे मोठी काटेकोर होती: स्पार्टाने आपली सुमारे ६० लढाऊ गलबते तारण ठेवावी, आणि बेटावरील प्रत्येक शिपायास जवाचे मळलेले पीठ, थोडे मद्य व मांसाचा तुकडा, चाकरास त्याच्या निम्मा शिधा, अथेनियनांच्या देखत पोचता व्हावा.

वकिलांनी सभेपुढे सख्याचा प्रस्ताव मांडला. परंतु सभेवर त्या काळी पगडा होता तो चामडे कमावण्याच्या धंद्यातून पुढे आलेल्या, बुलंद आवाजाच्या क्लीऑनचा. त्याने पूर्वीच्या तहात अथेन्सने सोडलेली निसाइया, पेगाई, ट्रीझेन व अकाइया ही ठाणी परत मागितली. कलमवार जाबसालासाठी काही निवडक कारभारी नेमून द्यावेत, एवढीच वकिलांची विनंती. त्यावर क्लीऑन उसळला, की हेतू शुद्ध असेल तर सर्वांसमक्ष बोला, खलबत कशासाठी? तोंड वकिलांकडे असले तरी बोलणे सभेला ऐकवण्यासाठी होते. लोकांना ते पटले, आणि जेथे सारा कारभार उघड्यावर चाले तेथे ते पटावे यात नवल नाही. परंतु सवलती जाहीर बोलून दाखवाव्यात आणि तह मात्र फिसकटावा, तर दोस्तांपुढे स्पार्टाची पत राहती ना. वकील परतले.

लढाई पुन्हा सुरू झाली, पण बेट पडेना; गुलाम पाण्याखालून पोहत जाऊन मधात कालवलेली खसखस वेढलेल्यांस पोचवू लागले. क्लीऑनने अथेन्सचा सेनापती निकिअस यास सेनापतींच्या मर्दुमकीवरून डिवचले, निकिअसने मोहीमच त्याच्या गळ्यात घातली, आणि क्लीऑन जसजसा मागे सरू लागला तसतसा सभेचा आरडाओरडा वाढत गेला. अखेर वीस दिवसांत काम फत्ते करण्याचे वचन त्याने दिले व, निंदकांच्या दुर्दैवाने, ते पाळलेही: २९२ कैदी हाती आले. (हा वृत्तान्त देणारा थ्युसिडिडीझ क्लीऑनचा चाहता नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

एवढा वरचष्मा असूनही अथेन्सने तह केला नाही. स्पार्टाचे वकील पुनःपुन्हा आले आणि रिक्तहस्ते गेले. ४२४ च्या हिवाळ्यात स्पार्टाचा सेनापती ब्रासिडास याने अथेन्सचे अँफिपोलिस शहर घेतले, ते वाचवता न आल्याने त्या वेळी अथेन्सचा सेनापती असलेला हाच थ्युसिडिडीझ हद्दपार झाला, आणि ४२२ साली त्याच शहरासाठी लढताना क्लीऑन व ब्रासिडास दोघेही पडले. ४२१ च्या तहान्वये अथेन्सने कैदी सोडले. अँफिपोलिस परत देण्याचे कलमही त्यात होते, पण ते शहर अथेन्सला पुन्हा कधीच मिळाले नाही.