नेटच नसताना नेटवर्क ड्रायव्हर कसा टाकायचा?

देशातली पहिली आधार कार्डं २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली (ता. शहादा) गावात देण्यात आली. आज महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जापासून जातीच्या दाखल्यापर्यंत बरीच कामं ऑनलाइन होतात. पण घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकलं की कधी कधी वायफायच गायब होतं. नेटवर्क ड्रायव्हर नसतो, आणि तो आणायला नेट लागतं! धडगावसारख्या सातपुड्यातल्या गावातून त्यासाठी घाट उतरून शहाद्याच्या दुकानात जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. बहुतेक वेळा तशी गरज नसते. एक फोन आणि यूएसबी केबल पुरते.

ड्रायव्हर म्हणजे काय?

विंडोज आणि कॉम्प्युटरमधलं वायफाय किंवा लॅन कार्ड यांच्यातला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तो नसेल तर कार्ड धडधाकट असूनही विंडोजला वापरता येत नाही.

दोष ड्रायव्हरचाच आहे का?

वायफाय जोडलेलं दिसतं पण नेट चालत नाही, तर ड्रायव्हर सहसा ठीक असतो. राउटर किंवा लाइन तपासा. वायफायचं बटणच दिसत नसेल, तर स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘अदर डिव्हाइसेस’खाली पिवळ्या खुणेसह ‘नेटवर्क कंट्रोलर’ दिसलं आणि प्रॉपर्टीजमध्ये ‘कोड २८’ लिहिलेलं असलं, तर ड्रायव्हर टाकलेलाच नाही.

उपाय १ : फोनचं नेट केबलने द्या

१. अँड्रॉइड फोन डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडा. फक्त चार्जिंगची केबल चालत नाही.
२. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटखालचं ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा.
३. कॉम्प्युटरवर नेट आलं की ‘विंडोज अपडेट’ चालवा. अनेकदा ड्रायव्हर आपोआप येतो.

फोन वायफायवर असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोन तेच नेट केबलने पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. विंडोज ११ होम पहिल्यांदा सुरू होताना नेट मागून अडून बसतं, तेव्हाही हा उपाय करून पाहता येतो. आयफोनला मात्र कॉम्प्युटरवर अ‍ॅपलचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो.

उपाय २ : पेन ड्राइव्हवर आणा

गावात रेंज नसेल तर बाजाराला जाताना कॉम्प्युटर नव्हे, फक्त माहिती न्या. लॅपटॉपच्या तळावरचा मॉडेल नंबर आणि विंडोजची आवृत्ती लिहून घ्या. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरसाठी मदरबोर्डचं मॉडेल लिहा. ते सापडत नसेल तर नेटवर्क कंट्रोलरच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडून त्याचा फोटो काढा. त्यात ‘व्हेन’नंतर ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचं, १०ईसी असेल तर रिअलटेकचं.

कंपनीच्या सपोर्ट पानावरून त्याच मॉडेलचा वायफाय आणि लॅन, दोन्हींचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या. सेटअप फाइल असेल तर डबल क्लिक करा. झिप फाइल असेल तर आधी उघडून एका फोल्डरमध्ये ठेवा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’ असं जाऊन तो फोल्डर दाखवा. शेवटी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

हे टाळा

‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारी अनोळखी सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यांच्यासोबत नको ती अ‍ॅप्स येतात, काही तर चक्क व्हायरस असतात. ज्या कॉम्प्युटरवर आधार आणि बँकेची कामं होतात, तिथे हा धोका महागात पडतो. नव्या ड्रायव्हरने बिघाड झाला तर प्रॉपर्टीजमधलं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरा.

विंडोज नव्याने टाकण्याआधीच दोन्ही ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवले, तर अर्जाच्या शेवटच्या दिवशी धावपळ होत नाही.