अटलांटाची मुले आणि अफवेचा इतिहास

आमच्या अभ्यासवर्गात रैनपाड्याचा विषय निघाला होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. त्यांनी कुणाचेच मूल पळवले नव्हते. एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, म्हणजे अफवा ही अडाण्यांचीच असते ना?" हो म्हणून मी मोकळा झालो असतो. पण मला अटलांटा आठवले आणि उत्तर अडले. ते अडलेले उत्तर येथे मांडतो आहे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा. द्वेष करायला सवड नसलेले शहर, अशी त्याची जाहिरात होती. १९७४ पासून तेथे मेनार्ड जॅक्सन हा कृष्णवर्णीय महापौर होता. याच शहरात १९७९ च्या जुलैपासून १९८१ च्या मेपर्यंत सुमारे ३० काळी मुले व तरुण एकामागून एक नाहीसे झाले. बहुतेक मुलगे, बहुतेक गरीब वस्त्यांतले. कुणाचे प्रेत झाडीत सापडले, कुणाचे नदीत. कॅमिल बेल या बाईंचा नऊ वर्षांचा मुलगा १९७९ च्या ऑक्टोबरात शेजारणीसाठी तपकीर आणायला दुकानात गेला. पुढच्या महिन्यात एका ओस पडलेल्या शाळेत त्याचे प्रेत मिळाले.

पोलिसांच्या लेखी ही सुटी सुटी प्रकरणे होती. पोरे घरातून पळाली असतील, वाईट संगतीला लागली असतील! या सगळ्या मरणांना जोडणारा धागा आहे, हे आधी कुणी म्हटले? आयांनी. १९८० साली कॅमिल बेल आणि इतर आयांनी समिती स्थापन केली, सभा घेतल्या, वर्तमानपत्रांचे दरवाजे ठोठावले. पोलिसांचे खास पथक उभे राहिले तेव्हा पहिल्या खुनाला वर्ष होत आले होते.

जेथे राज्यसंस्था बोलत नाही तेथे लोक तर्क करू लागतात. काळ्या वस्त्यांत लोक म्हणत, हे क्लॅनचे काम आहे. १३ ऑक्टोबर १९८० रोजी बोवेन होम्स या वसाहतीतील पाळणाघरात स्फोट होऊन चार मुले आणि एक शिक्षिका मेली. बॉयलर फुटला, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. लोकांना बॉम्बच दिसला. रोगनियंत्रणाचे केंद्रीय कार्यालय अटलांटातच आहे; तेथील प्रयोगांसाठी मुले मारली जातात, अशीही वदंता उठली. तिला पुरावा नव्हता. पण ती आभाळातून पडली नव्हती. टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० काळ्या माणसांना उपचाराविना ठेवून सरकारी डॉक्टर त्यांच्या मरणाचा अभ्यास करत होते. अखेरच्या काळात तो अभ्यास याच कार्यालयाकडे होता. ज्यांनी हे भोगले त्यांच्या संशयाला वेडेपणा म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे?

तर्क दुसऱ्या बाजूनेही चालले होते. आया कुठे होत्या? मुले रात्री बाहेर का? १९८१ च्या एप्रिलमध्ये एका केंद्रीय तपास अधिकाऱ्याने जाहीर भाषणात सांगून टाकले की यातील काही मुलांना आईबापांनीच मारले. हीही अफवाच. फरक एवढाच की ती अधिकाऱ्याच्या तोंडून आली, म्हणून तिला माहिती म्हटले गेले.

१९८१ च्या जूनमध्ये वेन विल्यम्स या काळ्या तरुणाला अटक झाली. १९८२ च्या फेब्रुवारीत त्याला दोन खुनांसाठी जन्मठेप झाली. ते दोघेही प्रौढ होते. एकाही मुलाच्या खुनाचा खटला त्याच्यावर चालला नाही. तरीही वीसहून अधिक प्रकरणे त्याच्या नावावर टाकून बंद करण्यात आली. तो निर्दोष आहे, असे मी म्हणत नाही. तंतूंचा पुरावा त्याच्याविरुद्ध होता आणि केसांच्या नंतरच्या तपासणीतही त्याचा संबंध नाकारता आला नाही. पण फाईल बंद होणे म्हणजे न्याय होणे नव्हे. जॉर्जियाच्या तपास यंत्रणेने क्लॅनशी संबंध असलेल्या माणसांची गुप्त चौकशी केली होती, हे मागाहून बाहेर आले. त्या चौकशीतून काही सिद्ध झाले नाही. पण वस्तीने विचारला तेव्हा जो प्रश्न खुळचट ठरला, तोच प्रश्न सरकार दाराआड विचारत होते!

त्या यादीत दहा वर्षांचा एक मुलगा आहे. १९८० च्या सप्टेंबरात तो नाहीसा झाला. त्याचे प्रेतही मिळाले नाही. त्याच्याविषयी आजही तर्कच शिल्लक आहेत.

आपल्या चळवळीने १९७२ साली पँथर हे नाव अमेरिकेतून घेतले. तिकडचे साहित्यही आपण आपले मानले. जेम्स बाल्डविन यांनी १९८५ साली याच प्रकरणावर 'द एव्हिडन्स ऑफ थिंग्ज नॉट सीन' हे पुस्तक लिहिले. अटलांटात राहणाऱ्या टोनी केड बंबारा यांची याच विषयावरील कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर १९९९ साली निघाली. शहराने फाईल मिटली, साहित्याने ती उघडी ठेवली. २०१९ साली महापौर केशा लान्स बॉटम्स यांनी पुरावे पुन्हा तपासण्याची घोषणा केली. मधे जवळजवळ चाळीस वर्षे गेली होती.

आता माझ्या विद्यार्थ्याला उत्तर. अफवेला अडाणी म्हणून भागत नाही; तिचे बोट कुणाकडे आहे ते पाहावे लागते. अटलांटाच्या वस्तीचे बोट वर, सत्तेकडे होते. तिचे सगळे तर्क खरे नव्हते, पण ती जाब मागत होती आणि उत्तर ऐकायला थांबली होती. रैनपाड्यात बोट खाली वळले. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा गेला, पण शिक्का मनात राहिला. मारणारेही कुणी गर्भश्रीमंत नव्हते, हे आपण लपवू नये. जाब वर विचारण्याची ताकद संपते तेव्हा नाडलेला माणूस आपल्याहून नाडलेल्याचा गळा धरतो.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. वस्तीतले मूल हरवले तर पहिल्या तासाला पोलीस ठाण्यावर जा, तक्रार लिहून घ्यायला लावा, तिची प्रत हातात घ्या. आणि त्याच रात्री वस्तीच्या टोकाला पाल ठोकून राहिलेल्या भटक्या कुटुंबापाशी जाऊन बसा. दोन्ही कामे एकाच चळवळीची आहेत.