काढलेलं म्हणजे गेलेलं नव्हे



तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजे दुसरे यांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तंजावरचे माझे एक वयोवृद्ध स्नेही त्यातला काही भाग फोटोंवरून वाचून टाइप करत होते. सहा महिन्यांचं काम. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायला कुणीतरी त्यांच्या वर्ड फाइलमध्ये मॅक्रो घालून दिला होता.

फाइल त्यांनी मला ईमेलने पाठवली. पत्र आलं, पण फाइलच्या जागी एक ओळ होती : संशयास्पद फाइल काढली आहे. मी आळस केला. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. संगणक बिघडला, दुरुस्तीत सगळं पुसलं गेलं, पाठवलेल्या मेलसुद्धा. "कर्नलसाहेब, तुमच्याकडची प्रत तेवढी पाठवा."

माझ्या पोटात गोळा आला.

अँटिव्हायरस एवढा संशयी का, यालाही इतिहास आहे. ईमेलला फाइल जोडण्याचं 'माइम' हे प्रमाण 1992 साली ठरलं. 1995 मध्ये वर्डच्या मॅक्रोतून पसरणारा 'कॉन्सेप्ट' व्हायरस आला, मार्च 1999 मध्ये 'मेलिसा'. 4 मे 2000 रोजी फिलिपिन्समधून 'आय लव्ह यू' सुटला. प्रेमपत्र समजून लोकांनी फाइल उघडली आणि त्यांचे साठवलेले फोटो नष्ट झाले. तेव्हापासून दारावरचा पहारा कडक झाला. मॅक्रो दिसला की आधी अडवायचं, मग विचारायचं.

पण अडवणं म्हणजे मारणं नव्हे. संशयित माणसाला संत्री गोळी घालत नाही, गार्डरूममध्ये बसवतो. अँटिव्हायरसच्या या गार्डरूमला 'क्वारंटाइन' म्हणतात. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ चाळीस दिवस. साथीच्या काळात व्हेनिसला आलेली जहाजं तितके दिवस बंदराबाहेर थांबवत. 1897 च्या प्लेगात पुण्याने विलगीकरणाचा जाच सोसला, तो आपल्याला ठाऊक आहेच. संगणकात मात्र फाइलचं रूप बदलून ती चालू होणार नाही अशी ठेवतात, मूळ नाव आणि जागा नोंदवतात.

मी आधी मेल सर्व्हरवर मूळ पत्र शोधलं. माझा प्रोग्राम पत्रं उतरवून तिथून पुसत असे, त्यामुळे काही मिळालं नाही. मग अँटिव्हायरसमधली क्वारंटाइनची यादी उघडली. तारखेवरून फाइल सापडली. माझ्या संगणकावर मुदत तीस दिवसांची होती, उरले होते पाच. अँटिव्हायरस अद्ययावत केला, फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणली, पुन्हा तपासली. मॅक्रो बंद ठेवूनच उघडली आणि नुसता मजकूर साध्या फाइलमध्ये उतरवून घेतला. तोच तंजावरला पाठवला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी पाठवणाऱ्याला फोन करा : ही फाइल खरंच तुम्हीच पाठवलीत का? त्याच्याकडे मूळ असेल तर पुन्हा मागवा, क्वारंटाइनला हात लावू नका. फाइल तुमच्या संगणकावर नव्हे, सर्व्हरवरच अडवली असेल तर तिथल्या व्यवस्थापकाला विचारा. आणि एका फाइलसाठी अँटिव्हायरस बंद करू नका.

इतिहासाचा अभ्यासक कागद पाहताच विचारतो, मूळ कुठे आहे? शिलालेखाचं मूळ दोनशेहून अधिक वर्षं भिंतीवर उभं आहे. आपल्या सहा महिन्यांच्या कष्टांची मात्र एकच प्रत असते. दुसरी आजच काढून ठेवा.

जय हिंद.