खतावणीबाहेरचा इतिहास

उत्तर अमेरिकेतील फर-व्यापाराचा लिखित इतिहास मुख्यतः व्यापाऱ्यांच्या दप्तरांतून आपल्यापर्यंत आला आहे. १६७० साली सनद मिळालेली हडसन्स बे कंपनी असो, तिची प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनी असो वा १८०८ची अमेरिकन फर कंपनी असो. बीव्हरची कातडी किती आली, बदल्यात बंदुका-ब्लँकेटे किती गेली आणि कोणत्या शिकाऱ्याच्या नावे किती उधारी राहिली, हे त्यांच्या वह्यांत आढळते. ज्या श्रमांवाचून हा व्यापार एक हंगामही टिकला नसता, त्यांच्यासाठी मात्र त्या वह्यांत रकाना नाही. कार्ल गॉबॉय यांच्या 'फर ट्रेड नेशन' (२०२४) या चित्ररूप इतिहासाचे मोल या अभावाच्या संदर्भात ध्यानी येते.

गॉबॉय यांचा जन्म १९४२चा. वडील मिनेसोटातील बॉइस फोर्ट ओजिब्वे, आई फिनिश वंशाची. ओजिब्वे माणसांचे रोजचे काम हा त्यांच्या जलरंगचित्रांचा आवडता विषय. फर-व्यापाराकडेही ते याच बाजूने पाहतात. तेथे ओजिब्वे हे कंपन्यांच्या कथेतले दुय्यम पात्र नसून व्यापाराचे केंद्र आहेत.

हे केवळ अभिमानापोटी केलेले विधान नव्हे. व्यापाराचे वाहन असलेली नाव भूर्जाच्या सालीची होती. ती साल स्प्रूसच्या मुळ्यांनी शिवणे, सांधे राळेने बुजवणे ही कामे बहुधा स्त्रियांची. कातडी खरवडणे, सरोवरांतला रानतांदूळ झोडून साठवणे हीही त्यांचीच. हा तांदूळ ठाण्यांवरील व्यापाऱ्यांना हिवाळ्यात तगवीत असे. फ्रान्सेस ॲन हॉपकिन्स या कंपनी-अधिकाऱ्याच्या पत्नीने १८६९मध्ये सुपीरिअर सरोवरावरील धुक्यातल्या नावा सुंदर रंगवल्या. त्या नावा घडवणारे हात मात्र चौकटीबाहेरच राहिले.

नोंद कोणाची ग्राह्य, हा प्रश्न निव्वळ विद्वानांचा नाही. १८३७च्या करारात ओजिब्वेंनी विस्तीर्ण प्रदेश दिला, तेव्हा व्यापाऱ्यांचे दावे फेडण्यासाठी सत्तर हजार डॉलर राखून ठेवण्यात आले. वहीतली उधारी अशी जमिनीच्या मोबदल्यातून वसूल झाली. शिवलेल्या नावेचे येणे कोणी मांडलेच नव्हते.

दोन शतकांनंतर काढलेले चित्र पुरावा ठरेल काय, असा आक्षेप येथे संभवतो. तो रास्तही आहे. चित्रातला चेहरा कल्पित असतो आणि कल्पित गोष्टही रेषेत आली की निश्चित भासते. पण 'कातडी जमा झाली' या वाक्यात कर्ता सहज लपतो. चित्रकाराला ती सवलत नसते. खरवडणी कोणाच्या हातात आहे, हे त्याला ठरवावेच लागते. गॉबॉय यांची चित्रे कागदपत्रांची जागा घेत नाहीत; कागदपत्रांना कोणते प्रश्न विचारायचे राहून गेले, ते दाखवतात.