भिंतींआधी भरलेले वर्ग : अमेरिकेतील कॅथलिक हायस्कुलांचे पहिले वर्ष

१. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. नववीत नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला तेथे ‘फ्रेशमन’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत उभ्या राहिलेल्या अनेक कॅथलिक हायस्कुलांच्या पहिल्या तुकड्यांच्या आठवणी एकमेकींशी विलक्षण जुळतात. शाळेचे नाव ठरलेले, गणवेश शिवलेला, प्रवेश पूर्ण झालेले. इमारत मात्र अर्धवट. ही घाई कशासाठी होती, हे समजून घेण्यासाठी फिलाडेल्फिया शहराच्या इतिहासात शंभर वर्षे मागे जावे लागते.

२. एकोणिसाव्या शतकात तेथील सार्वजनिक शाळांतून बायबलचे वाचन होत असे, पण ते प्रोटेस्टंट पंथाला मान्य असलेल्या भाषांतराचे. कॅथलिक मुलांना त्यांच्या पंथाचे भाषांतर वाचू द्यावे, अशी मागणी बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी केली. आयरिश स्थलांतरितांविषयीचा रोष आधीच धुमसत होता. मे १८४४ मध्ये दंगल उसळली आणि सेंट मायकेल व सेंट ऑगस्टीन ही दोन चर्चे जाळण्यात आली. आपल्या मुलांसाठी आपलीच शाळा हवी, ही भावना त्या राखेतून अधिक दृढ झाली.

३. १८८४ मध्ये बाल्टिमोर येथे अमेरिकेतील बिशपांची तिसरी महापरिषद भरली. प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा उभारावी, असा आदेश तिने दिला. हा आदेश मुख्यतः प्राथमिक शिक्षणापुरता होता. त्यापुढचे काय, या प्रश्नाचे एक उत्तर फिलाडेल्फियातील थॉमस केहिल या कोळशाच्या व्यापाऱ्याने दिले. त्याने मागे ठेवलेल्या संपत्तीतून १८९० मध्ये मुलांसाठी विनाशुल्क ‘रोमन कॅथलिक हायस्कूल’ सुरू झाले.

४. या शाळांच्या अस्तित्वालाच आव्हान मिळाले ते १९२२ मध्ये. ओरेगन राज्याने मुलांना सार्वजनिक शाळेतच पाठवण्याची सक्ती करणारा कायदा संमत केला. धर्मभगिनींच्या एका संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली. १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द ठरवला आणि मुलांचे शिक्षण कोठे व्हावे, हे ठरवण्याचा पालकांचा अधिकार मान्य केला. कायद्याची वाट मोकळी झाली. आता प्रश्न उरला विटा, पैसा आणि शिक्षक यांचा.

५. फिलाडेल्फियाचे आर्चबिशप डेनिस डोहर्टी (कार्यकाळ १९१८ ते १९५१) ‘देवाचा गवंडी’ म्हणूनच ओळखले जात, इतकी चर्चे आणि शाळा त्यांच्या काळात बांधली गेली. पण खरी लाट त्यांच्यानंतर आली. युद्धानंतर जन्मदर झपाट्याने वाढला होता. १९४६ मध्ये जन्मलेली मुले १९६० च्या सुमारास नववीच्या उंबरठ्यावर पोहोचणार होती. त्याच वेळी तरुण कुटुंबे शहर सोडून उपनगरांत जात होती. शहराबाहेर लेव्हिटटाउन येथे १९५२ पासून सहा-सात वर्षांत शेतजमिनीवर सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली.

६. मुले वाढायची थांबणार नव्हती आणि इमारत एका वर्षात पुरी होणार नव्हती. यावर देशभर अनेक ठिकाणी एकच तोडगा निघाला : पहिल्या वर्षी फक्त नववी सुरू करायची आणि दरवर्षी एक इयत्ता वाढवायची. चौथ्या वर्षी शाळा आपोआप पूर्ण होई. याला आर्थिक कारणही होते. भाविक कुटुंबे देणगीचे वचन देत, पण ती रक्कम काही वर्षांच्या हप्त्यांनी येई. पैसा टप्प्याटप्प्याने येत असल्याने इयत्ताही टप्प्याटप्प्याने वाढत.

७. त्यामुळे पहिल्या तुकडीचे वर्ष निराळे असे. कोठे जवळच्या प्राथमिक शाळेच्या उसन्या खोल्यांत किंवा चर्चच्या तळघरात वर्ग भरत. कोठे इमारतीच्या एका भागात लॅटिनचा तास चाले आणि दुसऱ्या भागात हातोडे. मैदान नसल्याने सामने दुसऱ्यांच्या मैदानावर खेळले जात. वरच्या वर्गातील दादा-ताई नव्हते, त्यामुळे त्यांचा धाक नव्हता आणि आधारही नव्हता. शाळेचे रंग, संघाचे नाव, वार्षिकांकाचे शीर्षक यांची निवड अनेकदा या चौदा वर्षांच्या मुलांकडेच येई. परंपरा पाळायची नव्हती. ती पाडायची होती.

८. भिंतींचा खर्च हिशेबाच्या वहीत मांडला जाई. शिकवण्याचा खरा खर्च मात्र फारसा कोणी मांडलाच नाही. १९५० च्या सुमारास कॅथलिक शाळांतील दहांपैकी नऊ शिक्षक धर्मसंघातील होते आणि त्यांत बहुसंख्य धर्मभगिनी होत्या. त्यांना वेतन नव्हे, जेमतेम निर्वाहापुरती रक्कम मिळे. पदवी पुरी होण्याआधीच अनेकींना वर्गावर पाठवले जाई. मग त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकत वर्षानुवर्षांनी पदवीधर होत. ही ओढाताण थांबावी म्हणून १९५४ मध्ये धर्मभगिनींच्या प्रशिक्षणाची स्वतंत्र चळवळ उभी राहिली. विनाशुल्क किंवा अल्पशुल्क शिक्षणाचा डोलारा या स्त्रियांच्या श्रमावर तोललेला होता.

९. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील कॅथलिक शाळांत सुमारे ५२ लाख विद्यार्थी होते आणि देशात जवळपास १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या. दोन्ही आकड्यांचे ते शिखर होते. पुढे मठ रिकामे होऊ लागले आणि त्यांच्या जागी पगारी शिक्षक नेमावे लागले. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९६८ मध्ये अशा पगारांना सरकारी साहाय्य देऊ केले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. फी वाढली, पटसंख्या घटली.

१०. डोहर्टी यांच्या नावाचे हायस्कूल फिलाडेल्फियात १९५६ मध्ये सुरू झाले. साठच्या दशकात तेथे सुमारे सहा हजार विद्यार्थी होते. २०१० मध्ये ते बंद झाले, तेव्हा पटावर काही शेकडा मुलेच उरली होती. इमारत भक्कम होती. अवघ्या चोपन्न वर्षांची. ती बांधण्यासाठी हप्ते भरणाऱ्या पालकांपैकी आणि तेथे शिकलेल्यांपैकी अनेकांनी तिला कुलूप लागलेले पाहिले. अमेरिकेत आता चाळीस हजारांहूनही कमी धर्मभगिनी उरल्या आहेत. ज्यांच्या अल्प मोबदल्यातील श्रमांवर त्या भिंतींआतील वर्ग चालले, त्यांची जागा घेणारे कोणी मिळाले नाही.